डाव्या कानातली टाळी

१

कॉलेज सुटलं, घरी येऊन चार घास पोटात गेले आणि ओटा पुसून झाला, की दुपारचा वेळ दर्शना उतेकरचा असे. महाडच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती मराठी शिकवायची. तिचा नवरा निवास एमआयडीसीत पहिल्या पाळीला असायचा. तो येईपर्यंत घरात चिटपाखरू नसे. मग ती मागच्या खोलीची खिडकी लावून घ्यायची, पंखा बंद करायची, आवाज घुमू नये म्हणून दारावर गोधडी टाकायची आणि घाम पुसत माईकसमोर बसायची. जुने अल्बम पुन्हा नीट ऐकायचे आणि त्यांत काय आहे ते लोकांना सांगायचं, असा तिचा पॉडकास्ट होता. महाडात तो फारसं कोणी ऐकत नसे. पण मुंबईला गेलेली, आखातात गेलेली इकडची माणसं ऐकायची आणि कुठून कुठून निरोप पाठवायची.

तिला एकच कान आहे, हे त्यांतल्या कोणाला ठाऊक नव्हतं. लहानपणी गालगुंडं झाली, ताप उतरला आणि डावा कान गेला तो गेलाच. त्या बाजूला काही म्हणजे काहीच नव्हतं. फोनमध्ये तिने सगळा आवाज उजवीकडे वळवून ठेवला होता, आणि हेडफोनची डावी वाटी ती कानामागे सरकवून द्यायची. उगाच घाम कशाला.

त्या ऑक्टोबरात तिने गोमाजी सकपाळचा 'सावित्रीपार' ऐकायला काढला.

गोमाजीचं नाव घेतल्यावर आजही पोलादपूरच्या स्टँडवर चार माणसं मान वर करतात. कापडे गावाच्या वरच्या वाडीतला पोरगा, मुंबईत गिरणीच्या चाळीत वाढला, आणि कीबोर्डवर गणपतीतल्या जाखडी नाचाचा पाय बसवून त्याने अशी काही गाणी केली की लग्नाची वरात त्यांच्यावाचून पुढे सरकेना. कॅसेटचा काळ तो. ढोलकीच्या जागी त्याने पत्र्याचं पिंप उलटं ठेवून वाजवलं होतं. एका गाण्याची सुरुवात घाट चढणाऱ्या एसटीच्या गियरने होते, आणि गियर पडतो त्याच सुरावर त्याचा आवाज येतो. आवाज कसा, तर घसा साफ न करताच गायला बसलेल्या माणसाचा. त्यामुळे तो आपल्याच घरात, शेजारच्या खोलीत गातोय असं वाटायचं. नंतर पुष्कळांनी त्याची नक्कल केली. कोणालाच ती जमली नाही, आणि का जमली नाही हेच दर्शनाला या भागात सांगायचं होतं.

तिच्या मते सगळी जादू रिकाम्या मात्रेत होती. गोमाजी ध्रुवपदाच्या तोंडाशी एक मात्रा मोकळी सोडायचा. वाद्यं थांबायची, तोही थांबायचा, आणि ऐकणाऱ्याचा पाय आपसूक उचलला जायचा. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं, 'ओ दे', हा त्याचा कळस. पलीकडच्या तीरावरून कोणी हाक मारतंय, आणि हा म्हणतो, "ओ दे गो, ओ दे." मग दोन टाळ्या. मग ती रिकामी मात्रा.

लहानपणापासून ऐकलेलं गाणं ते. दर्शनाने डोळे मिटले. हाक आली. दोन टाळ्या पडल्या. मात्रा मोकळी सुटली.

आणि डावीकडे कोणीतरी एक टाळी वाजवली.

२

तिने हेडफोन उतरवला आणि खोलीभर पाहिलं. गोधडी जागच्या जागी होती. खिडकी बंद होती. काय झालं ते समजायला तिला थोडा वेळ लागला, कारण टाळी ही काही घाबरण्यासारखी गोष्ट नव्हे. टाळी तिला डाव्या बाजूने ऐकू आली होती, आणि तिला डावी बाजूच नव्हती.

तिने गाणं मागे नेलं. पुन्हा तेच. सगळे जण दोन टाळ्या मारून थांबतात आणि एक जण मागे राहतो, तशी ती टाळी होती. गर्दीत एखाद्याला ताल सापडत नाही, तो सगळ्यांकडे बघून हात आपटतो, तशीच.

दर्शना मुळात चिकित्सक बाई. तिने हेडफोन उलटा घातला. टाळी डावीकडेच. हेडफोन काढून फोनवर नुसतंच गाणं लावलं, कमी आवाजात, लांब टेबलावर ठेवून. डावीकडेच. डाव्या कानात बोट घालून ऐकलं, तरी ती तेवढीच स्पष्ट. उजवा कान दाबून धरला, तेव्हा गाणं गेलं, सगळंच गेलं, आणि त्या शांततेत, जिथे यायला हवी तिथेच, ती एकटी टाळी आली.

दुसऱ्या दिवशी ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि आलेखात डाव्या कानाची तळाला गेलेली रेघ दाखवली.

"या कानात काही नाही, मॅडम. पूर्वीही नव्हतं, आताही नाही."

"मग मला जे ऐकू येतं ते?"

"मेंदू कधी कधी आपल्या मनाने आवाज तयार करतो. कानातली शीळ म्हणतात ना, तसंच. झोप नीट होते का?"

तिला बरं वाटलं. मेंदूची करामत म्हणजे आपल्या घरातलीच गोष्ट. परतताना बाजारात तिने रताळी निवडून घेतली, तळहातांना लागलेली माती झटकायला हात एकमेकांवर आपटले, आणि पिशवी उचलायला वाकली.

वाकलेली असतानाच डावीकडून टाळी आली. एकच, जरा उशिराने.

भाजीवाली चंपाबाई तिच्याकडे बघत होती. "काय झालं बाई? चक्कर आली काय?"

"नाही," दर्शना म्हणाली. पिशवी उचलून ती चालू लागली. हात मात्र तिने घरी पोचेपर्यंत एकमेकांपासून लांब धरले होते, आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

३

गोमाजीच्या बरोबर वाजवणाऱ्यांपैकी एकच माणूस महाडात उरला होता, जुल्फिकार. कीबोर्ड त्याचा. पुढे तो मस्कतला गेला, परत आला, आणि आता त्याचे ट्रक कशेडी घाटावरून गोव्याकडे जात-येत. त्याची मुलाखत घ्यायची हे दर्शनाने आधीच ठरवलं होतं. आता तिला मुलाखतीपेक्षा त्या टाळीचं पडलं होतं.

जुल्फिकारच्या घरी भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती, तिच्यावर रंग दिला तरी दिसणारी. त्याने शिरखुर्मा नाही, पण शेवया आणून ठेवल्या आणि खुर्ची ओढून तिच्या उजवीकडे बसला. ते तिला आवडलं. कानाचं तिने त्याला सांगितलं नव्हतं.

"कीबोर्ड पुरात गेला, बेटी. कॅसेटी गेल्या, फोटो गेले. एक वाचला." त्याने फोटो दाखवला. स्टेजवर गोमाजी, गाणं संपवून उभा; उजवा हात छातीवर, डावा पाठीमागे. त्याची ती प्रसिद्ध ढब. बाकीचे गायक लोकांना हात जोडत, गोमाजी कधी जोडत नसे. अजूनही त्याचे चाहते एकमेकांना भेटले की तसाच हात छातीवर ठेवतात.

"'ओ दे'मधल्या टाळ्या कोणी वाजवल्यात, चाचा?"

"आम्हीच. मुंबईच्या स्टुडिओत वाजवल्या तर गोमाला पसंत पडेनात. म्हणाला, या टाळ्यांना जमीन नाही. मग मशीन घेऊन त्याच्या वाडीवर गेलो, त्याच्या घरात. चार जण होतो. मी, गोमा, त्याची बायको तुळसा आणि एक रेकॉर्डिंगवाला."

"चारच?"

जुल्फिकारने शेवयांची वाटी तिच्याकडे सरकवली. "खा ना."

"पाचवं कोणी होतं का?"

"चौघंच होतो," तो म्हणाला. मग फोटोकडे बघत पुढे बोलला. "टेप परत लावून ऐकली तेव्हा गोमा एकदम खूश झाला. म्हणाला, ऐक, कसा मागून येतोय. मला काय तसं ऐकू आलं नाही. मी म्हटलं, कोण मागून येतोय? तो नुसता हसला. ती कॅसेट निघाली, डोक्यावर घेतली लोकांनी. गावागावात प्रोग्राम. आणि बघ, त्या एका पावसाळ्यानंतर गोमाने स्टेजवर टाळी वाजवणं सोडलं. लोकांना वाजवू द्यायचा, आपण नाही. पुढच्या वर्षी गाणंच सोडून वाडीवर जाऊन बसला. एवढा मोठा माणूस, भात लावत बसला."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं. मला म्हणाला, जुल्फी, अंतर फार कमी राहिलंय रे." जुल्फिकारने फोटो पालथा ठेवला. "मी समजलो, तब्येतीचं बोलतोय."

४

त्यानंतरचे दिवस दर्शनाचे एका जागी बसवेना असे गेले. वर्गात फळ्याकडे वळली की खडू लागलेले हात झटकायची सवय, ती तिने मोडली. घरी मच्छर मारायला हात उचलले की मध्येच थांबवू लागली. पण हात हे काही सतत लक्षात ठेवायची वस्तू नव्हेत. पोळपाटावरचं पीठ झाडताना, ओले कपडे दोरीवर पसरताना, कुठे ना कुठे तळवे एकमेकांना लागायचे आणि डावीकडून जबाब यायचा.

अंतर कमी होत होतं, हे तिला आधी कबूल करायचं नव्हतं. पहिल्या दिवशी तिची टाळी आणि ती टाळी यांच्यात एक पूर्ण श्वास मावत होता. आता अर्धा मावत होता. ती स्वतःशी वाद घालायची. आपण वाट बघतो म्हणून लवकर वाटते. आपण घाबरलोय म्हणून वेळ आखडतो. हे सगळं तिला पटायचं, आणि मग ती खात्री करायला पुन्हा एकदा हात वाजवायची. ते करायला नको होतं, हे वाजवून झाल्यावर कळायचं.

त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिने कोणाला सांगितली नसती. त्या कानाने इतक्या वर्षांत काहीही ऐकलं नव्हतं. आता टाळीबरोबर तिला त्या टाळीभोवतीची जागा ऐकू येऊ लागली होती. आवाज ओळखणं हे तिचं कामच. सारवलेली जमीन, म्हणून आवाज बसका. वर कौलं, छप्पर बुटकं. एका बाजूला दार उघडं, कारण तिकडून आवाज बाहेर सांडत होता. आणि टाळी वाजल्यावर कोणीतरी या पायावरचा भार त्या पायावर घेतं, तशी जमिनीवरच्या कोंड्याची अगदी हलकी कुरकुर. कानाला पहिल्यांदा जाग आली होती आणि त्याला मिळालं होतं ते हे. भीती वाटे, तरीही तिला तो आवाज हवा असायचा.

एका दुपारी निवास लवकर आला. ती ओट्याशी होती, उजव्या कानाशी मिक्सर घरघरत होता. तो तिच्या डावीकडून काहीतरी बोलला असावा. तिला ते कळलं नाही. लक्ष वेधायला त्याने एक टाळी वाजवली. तिने झटकन डावीकडे मान वळवली.

निवासचा चेहरा उजळला. "तुला ऐकू आलं? दर्शना, या बाजूने ऐकू आलं तुला?"

त्याची टाळी तिला ऐकू आली नव्हती. त्याच्या मागून आलेली ऐकू आली होती, आणि ती निवासच्या खांद्याच्या अगदी जवळून आली होती.

"सावली दिसली म्हणून वळले," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने जुल्फिकारला फोन केला आणि कापड्याला येता का म्हणून विचारलं.

५

पोलादपूर सोडून गाडी उमरठच्या रस्त्याला लागली तशी दोन्ही बाजूंना भातकापणी दिसू लागली. शेतांत पेंढ्या उभ्या होत्या. जुल्फिकार गाडी चालवताना एरवी बोलका. त्या दिवशी त्याने गाणंही लावलं नाही. कापड्याच्या पुढे कच्च्या रस्त्याने वर चढून ते वाडीत पोचले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं.

तुळसा अंगणात भात वाळवत होती. सत्तरीच्या आसपासची, ताठ, डोईवर पदर. जुल्फिकारला पाहून ती हसली आणि उजवा हात छातीवर ठेवला. जुल्फिकारनेही ठेवला.

"लय वर्सांनी आलास रे जुल्फी. ही कोन?"

"दर्शना. कॉलेजात शिकवते. गोमाच्या कॅसेटवर बोलणार आहे."

"बोल की. चांगला गायचे आमचे हे." तुळसाने दर्शनाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिची नजर दर्शनाच्या हातांवर थांबली. दर्शनाने दोन्ही हात पर्सच्या पट्ट्याला घट्ट धरून ठेवले होते. म्हातारीचं हसू विरलं. "कवापासून?" तिने विचारलं.

हे सगळं कोणीतरी खोटं ठरवावं म्हणून दर्शना इथवर आली होती.

"महिना होत आला, काकी."

"च्या घे आदी. मंग बगू."

पण दर्शनाला चहासाठी थांबवेना. टाळ्या कुठे वाजवल्या ते मला बघायचंय, असं ती म्हणाली. जुल्फिकार अंगणातल्या दगडावर बसला. गुडघ्यांनी उंबरा चढवत नाही, असं तो पुटपुटला, आणि गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिला.

घराला पुढे सिमेंटची पडवी काढली होती, आतलं घर जुनंच होतं. दर्शना आत पाऊल टाकून उभी राहिली. खाली सारवलेली जमीन. वर कौलं, हात उंचावला तर आढ्याला लागेल इतकं बुटकं छप्पर. उजवीकडे परसदार उघडं, त्यातून कोंबड्यांचा आवाज येत होता. कान आधी ओळखतो आणि डोळ्यांना नंतर पटतं, तसं झालं. या खोलीत ती पहिल्यांदा आली होती आणि तिला इथला कोपरा न् कोपरा माहीत होता. डावीकडे माजघराचं दार होतं. आत अंधार, आणि त्यात भाताची पोती रचलेली.

"हितंच उबे व्हतो," मागून तुळसा म्हणाली. "हे हितं, मी तितं, जुल्फी त्या खांबाशी. मशिनवाला बाहेर वायर धरून."

"आणि तिकडे?" दर्शनाने माजघराकडे मान केली.

"तितं कोन नाय. तितं भात असतंय."

दर्शनाला वाटलं, एकदाच. इथे, दिवसाढवळ्या, माणसं सोबत असताना एकदाच वाजवू, आणि खोलीचा घुमारा आहे एवढं कळलं की संपलं. तिने पर्स खांद्यावर टाकली आणि टाळी वाजवली.

जबाब असा लगोलग आला की दोन्ही आवाज एकमेकांना चिकटले. डाव्या कानात जमीन कुरकुरली. तिने तिकडे पाहिलं.

पोत्यांच्या पलीकडे, अंधार जिथे दाट होत होता तिथे, छातीच्या उंचीवर दोन तळवे होते. एकमेकांसमोर, मध्ये वीतभर मोकळं सोडून. त्यांच्यावर भाताचा कोंडा चिकटला होता, म्हणून ते दिसत होते. त्यांच्या मागे कोण उभं होतं ते दिसत नव्हतं. ते किंचित हलत होते. ताल चुकू नये म्हणून समोरच्याच्या हातांवर नजर ठेवून असलेल्या माणसाचे हात हलतात, तसे.

दर्शनाला तेव्हा भीती वाटली नाही, आणि पुढे तिला तेच सगळ्यात भयंकर वाटत राहिलं. तिला वाटलं, बिचारं केव्हापासून ताल धरायला बघतंय. एकदा, अगदी एकदा, बरोबर जमवून द्यावं. तिचे हात आपोआप वर आले.

तुळसाने तिची मनगटं पकडली. म्हातारीच्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नसतं. तिने दर्शनाचे हात दोन बाजूंना ओढून धरले आणि तिला तशीच, पाठमोरी, उंबऱ्याबाहेर ओढत आणली, पडवीतून खाली, वाळत घातलेल्या भातावरून, थेट गाडीपर्यंत. जुल्फिकारने दार उघडलं.

"काकी, ते कोण आहे?"

"आमच्या ह्यांनी कवा इचारला नाय. तू पन नको इचारू." तुळसाला धाप लागली होती, तरी तिने मनगटं सोडली नव्हती. "हात लांब ठेव गो. सवय व्हते. ह्यांना झाली व्हती."

"किती दिवस ठेवायचे?"

तुळसाने तिला सीटवर बसवलं, तिचा एक हात तिच्या मांडीवर आणि दुसरा खिडकीच्या काठावर ठेवला, लहान मुलीचे ठेवावेत तसे.

"हे मरंपर्यंत ठेवून व्हते," ती म्हणाली.

६

दर्शनाने तो भाग केला. 'सावित्रीपार'बद्दल ती मनापासून बोलली. पत्र्याच्या पिंपाबद्दल, एसटीच्या गियरबद्दल, आणि रिकामी मात्रा सोडायला गाणाऱ्याला केवढी छाती लागते त्याबद्दल. 'ओ दे' तिने वाजवलं नाही. जागा अपुरी पडली, असं सांगितलं. लोकांना भाग फार आवडला. सौदीतल्या दमामहून कोणीतरी लिहिलं की ऐकताना गाव आठवून रडू आलं.

हातांची सवय होत गेली. कॉलेजच्या कार्यक्रमात ती फाइल घेऊन बसे, आरतीला घंटा हातात घेई. कोणी नमस्कार केला तर तिचा उजवा हात छातीवर जाई, आणि जाणकार लोक समजून हसत, गोमाजीची चाहती दिसते. निवासला तिने एवढंच सांगितलं होतं की हातांना कसलीशी ॲलर्जी आहे. खरं सांगायचं तर कुठून सुरुवात करायची, हे तिला कळत नव्हतं.

डावा कान हळूहळू पूर्वीसारखा झाला. टाळी गेली, खोली गेली, जमिनीची कुरकुर गेली. थंडी पडेपर्यंत तिकडे पुन्हा काही म्हणजे काहीच उरलं नाही. तिने सुटकेचा श्वास टाकला. कधी कधी मात्र ती त्या बाजूला मान कलती करून उगाच बसून राहायची.

रविवारची सकाळ होती. निवास बाहेरच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होता, आणि बायकोचा भाग त्याने शेवटी एकदाचा लावला होता. दर्शना आत परातीत तांदळाची उकड मळत होती. आपलाच आवाज दुसऱ्या खोलीतून ऐकताना तिला संकोच वाटत होता. भाग संपला. निवास मोठ्याने म्हणाला, "फार छान बोललीस गं. पण ते टाळ्यांचं गाणं का नाही घेतलंस? आपल्या लग्नाच्या वरातीत लावलं होतं आपण. थांब, लावतो."

ती नको म्हणेपर्यंत गाणं सुरू झालं होतं. पलीकडच्या तीरावरून हाक आली. ओ दे गो, ओ दे. निवासने इस्त्री बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि मग त्याच्या दोन टाळ्या, दणदणीत, कॅसेटमधल्या टाळ्यांवर बरोबर पडलेल्या. मात्रा मोकळी सुटली. दर्शनाने दोन्ही कान टवकारले, चालणारा आणि न चालणारा. काही आलं नाही. तिचे खांदे सैल झाले.

"आतून तू वाजवतेस होय?" निवासने हाक मारून विचारलं.

परातीतले तिचे हात थांबले. मनगटापर्यंत पीठ होतं.

"उशिरा येतेय तुझी," तो हसत म्हणाला. "नीट धर ना ताल."

नाही म्हटलं तर तो बघायला उठला असता, इकडे तिकडे शोधलं असतं, आणि पुन्हा वाजवून पाहिलं असतं. तिने स्वतः तसंच केलं होतं.

"हो, मीच," ती म्हणाली. "हात भरलेत माझे. तू बंद कर ते आधी."

"अगं, किती दिवसांनी टाळी वाजवलीस. बंद काय करू? एकदा बरोबर वाजव, मग बंद करतो."

गाणं पुढे गेलं. दुसरं कडवं तिला श्वासासकट पाठ होतं. निवासला तिथून उठवायला जायचं तर मधली खोली ओलांडायची, आणि ध्रुवपद त्याच्या आधी येणार. मग तिने ठरवलं की आपणच वाजवायची. मोकळ्या मात्रेत अशी नेमकी वाजवायची की त्याला दुसरं काही ऐकूच येऊ नये. पिठाने माखलेले हात तिने परातीतून वर घेतले आणि समोर धरले.

हाक आली. ओ दे गो, ओ दे. बाहेर निवासच्या दोन टाळ्या पडल्या.

"हां," निवास खूश होऊन म्हणाला. "आत्ता कशी बरोबर आली."

दर्शनाचे हात अजून एकमेकांपासून लांब होते. बोटांवरून उकडीचा एक गोळा सुटून परातीत पडला.